मांजर आणि सिंथ एकाच खोलीत

माझ्याकडे दुरुस्तीला आलेला सिंथ, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारा सिंथेसायझर, उघडला की मालकाच्या घरी मांजर आहे का, हे पहिल्या मिनिटात कळतं. स्लायडरच्या खाचेत केस, पट्ट्यांखालच्या रबरात केस, मागच्या जाळीवर केसांचा आणि धुळीचा थर. मग मालक हळूच विचारतो, "मांजराला आता खोलीबाहेरच ठेवू का?" ठेवू नका, असंच मी प्रत्येकाला सांगते. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा माणूस बहुतेक वेळ एकटा बसलेला असतो. साथीला तबलजी नाही, समोर श्रोता नाही, आणि एकच स्वर तासभर घोळवत राहायचं. अशा माणसाजवळ न कंटाळता बसणारा जीव म्हणजे मांजर. कॅनडाचा डेडमाऊस, म्हणजे जोएल झिमरमन, याने 2011च्या आपल्या दौऱ्याच्या नावात प्रोफेसर म्याऊइंग्टन्स या आपल्या मांजराला स्थान दिलं होतं. ते प्रेम मला पूर्ण समजतं.

पुण्यात कर्वेनगरला माझी दहा बाय दहाची खोली आहे. तीत जुनो-106 हा जुना सिंथ, दोन ओळींचा युरोरॅक (सुटी मॉड्युलं केबलने जोडून केलेला मॉड्युलर सिंथ), मायक्रोफ्रीक हा छोटा सिंथ, सोल्डरिंगचं टेबल आणि दोन मांजरं: शेवंती, ही तिरंगी आणि आता वयस्क, आणि बंड्या, हा अजून अंगात वारं भरलेला बोका. पुढे जे सांगतेय ते या खोलीत आणि दुरुस्तीच्या टेबलावर तावून-सुलाखून निघालेलं आहे.

आधी मांजराची जागा, मग मशिनची

मांजर सिंथवर जाऊन बसतं त्याला तीन कारणं असतात: ऊब, उंची आणि तुम्ही. या तिन्ही गोष्टी त्याला दुसरीकडे एकत्र मिळाल्या की निम्मं काम झालं. नुसतं हुसकावून काही होत नाही, कारण कारणं जागच्या जागीच राहतात.

ऊब सगळ्यात महत्त्वाची. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं आणि त्याला अंग गरम ठेवायला वेगळी ताकद खर्चावी लागू नये असं हवामान साधारण 30 अंशांपासून पुढे सुरू होतं. म्हणजे आपल्याला जी खोली छान वाटते ती त्याला गारच असते. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला पॉवर सप्लाय असतो, त्या बाजूचा पत्रा तासाभरात कोमट होतो, आणि मांजर नेमकं तिथेच पोट टेकवतं.

म्हणून खुर्चीशेजारच्या भिंतीवर, सिंथच्या टेबलापेक्षा वीतभर उंच, दीड फूट बाय एक फुटाची फळी ठोका. बसल्या जागेवरून तुमचा हात तिथे पोचला पाहिजे आणि तिथून मांजराला तुम्ही आणि दार दोन्ही दिसलं पाहिजे. दार दिसत नसेल तर ते तिथे टिकत नाही. फळीवर जुनी गोधडी चौघडी करून घाला. डिसेंबर-जानेवारीत मी गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून गोधडीखाली ठेवते. शेवंती त्या काळात जुनोकडे बघतही नाही.

सवय लावायची तर खाऊ फक्त त्या फळीवर द्या. मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. मांजर सिंथवर चढलं तर ओरडू नका आणि कुरवाळूही नका. दोन्हींतून त्याला एकच कळतं, की इथे आलं की आपल्याकडे लक्ष जातं. गुपचूप दोन्ही हातांनी उचला, फळीवर ठेवा, आणि मान तिथे खाजवा.

तरुण बोक्यासाठी एवढ्याने भागत नाही. बंड्याला मी काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळवते, शेवटी ते पीस त्याला पकडू देते, आणि लगेच जेवायला घालते. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. संध्याकाळी दिवेलागणीला मांजरांना मुळातच जोर चढतो, त्यामुळे ही वेळ साधली तर पुढचे दोन-तीन तास निवांत मिळतात.

नवीन सिंथ आला की रिकामं खोकंही त्यांच्या नावावर करा. नेदरलँड्समध्ये 2014 साली निवारागृहातल्या मांजरांवर अभ्यास झाला होता. लपायला खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला होता. फक्त खोक्यातलं थर्माकोल, चिकटपट्टी, पिना आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या आधी काढून टाका.

ऊब मशिनला काय करते

"बसलं मांजर, तर काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर सांगते. व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरमध्ये, म्हणजे व्हीसीओमध्ये, एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. हे गणित ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मावर उभं आहे आणि तो गुणधर्म तापमानाला हळवा असतो: दर अंशाला सुमारे 0.33 टक्के. काहीच उपाय केलेला नसेल तर पाच सप्तकांच्या अंतरावर एका अंशात जवळजवळ 20 सेंटचा फरक पडतो (एका सप्तकाचे 1200 सेंट). आपल्याकडे श्रुतींमधल्या सगळ्यात लहान अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात, ती 21.5 सेंटच्या आसपास आहे, तेव्हा कानाला हे किती टोचेल याचा अंदाज करा. चांगल्या व्हीसीओमध्ये हे सावरायला तापमानाबरोबर बदलणारा एक रेझिस्टर ट्रान्झिस्टरला चिकटवून बसवलेला असतो. पण तो उपाय दोन्ही भाग सारखेच तापले तरच चालतो. साडेचार किलोचं ऊबदार मांजर एका कडेला बसून हवेची वाट अडवतं तेव्हा आतलं तापमान एका बाजूने चढतं, आणि मांजर उठेपर्यंत आणि उठल्यावरही काही वेळ सूर सरकत राहतो.

जुनो-106सारख्या यंत्रात स्वराची उंची डिजिटल क्लॉकवरून ठरते, त्यामुळे त्याचा सूर असा हलत नाही. त्याला धोका केसांचा आणि अडलेल्या हवेचा.

मांजर वरून चालत गेलं तर नॉब फिरतात, हे वेगळंच. मॉड्युलरवर हवा तसा आवाज लागला की खोली सोडण्यापूर्वी फोनवर पॅनेलचा फोटो काढायची सवय लावा. जुनोच्या मागच्या बाजूला मेमरी प्रोटेक्टचं, म्हणजे साठवलेले आवाज पुसले जाऊ न देणारं, बटण आहे, ते कायम चालू ठेवा. 1983च्या यामाहा डीएक्स7 या सिंथलाही तशी सोय आहे. मायक्रोफ्रीकसारख्या सपाट, स्पर्शावर चालणाऱ्या कीबोर्डची गोष्ट आणखी निराळी. तिथे दाबायला पट्टीच नसते, त्वचेचा स्पर्श पुरतो, आणि मांजराच्या पंजाखालच्या गाद्या उघड्या असल्याने त्यांनी स्वर अगदी स्वच्छ लागतो. म्हणून मॉनिटर स्पीकर सगळ्यात शेवटी चालू करा आणि उठताना सगळ्यात आधी बंद करा. मिक्सच्या शेवटच्या टोकाला एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर रोखणारी सोय, कायमचा लावून ठेवा. फिल्टरची शिट्टी वाढवणाऱ्या रेझोनन्सच्या नॉबवर पाय पडला तरी तुमचे कान आणि ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) दोन्ही वाचतील.

झाकण

बाजारात डेकसेव्हरसारखी तयार झाकणं मिळतात आणि धुळीसाठी ती चांगली आहेत, पण वरून सपाट असली की मांजराला आयता पाट मिळतो. माझ्या जुनोचं झाकण मी घरीच केलं. दोन बाजूंना त्रिकोणी लाकडी फळ्या, त्यावर पाच मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट, मागे उंच आणि पुढे उतरती. शीट दुकानातच मापाने कापून मिळते. उतार चांगला तीस अंशांचा ठेवला की गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर मांजराला बूड टेकवता येत नाही आणि ते आपणहून फळीकडे वळतं.

कापडच घालायचं असेल तर धुऊन वापरलेला मांजरपाट उत्तम. लोकरी किंवा फ्लीसचं कापड केस धरून ठेवतं आणि कोरड्या थंडीत स्थिर वीजही तयार करतं. झाकण कुठलंही असो, सिंथ चालू असताना घालायचं नाही, आणि बंद केल्यावर पाऊण तास थंड होऊ द्यायचा.

युरोरॅकमध्ये रिकामी जागा मुळीच सोडू नका. डीटर डोपफर यांनी 1990च्या दशकात घालून दिलेल्या मापाप्रमाणे पॅनेल 128.5 मिलिमीटर उंच आणि रुंदी 5.08 मिलिमीटरच्या पटीत, त्यामुळे कोरी पट्टी कापणं सोपं आहे. पैसे नसतील तर जाड पुठ्ठा कापून स्क्रूने बसवा. उघड्या फटीत पंजा गेला की आत मॉड्युलांना वीज पुरवणारी 12 व्होल्टची पॉवर बस असते, आणि घरी बांधलेल्या पेटीत कधीकधी 230 व्होल्टचा सप्लायही तिथेच असतो.

केस

केस येणारच. रोज मऊ ब्रशने मांजर विंचरा, खोलीत वाळूचा ट्रे ठेवू नका. बेंटोनाइट मातीच्या वाळूची बारीक धूळ केसांपेक्षा वाईट, ती फेडरच्या, म्हणजे स्लायडरच्या, वंगणात मिसळून मलमासारखी बसते. ट्रे बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये, आणि जमल्यास लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्यांचा.

स्लायडर साफ करायची माझी पद्धत अशी. सिंथ बंद करून वायर भिंतीतून काढा. चित्रकलेचा चार नंबरचा मऊ ब्रश खाचेच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर असा ओढा. आडवा घासलात तर केस आत ढकलले जातात. दिसणारं केसाचं टोक बारीक चिमट्याने धरा आणि सावकाश ओढा. बऱ्याचदा एका केसामागे धुळीची पूर्ण वळी बाहेर येते, आणि त्या स्लायडरची खरखर तेवढ्यानेच जाते. मग रबरी फुग्याच्या ब्लोअरने दोन-तीन फुंकर. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट पॅनेलवर लावू नका. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज साठते.

एवढं करूनही खरखर राहिली तरच द्रव वापरा, आणि तोही फेडरसाठीचा, ज्यात वंगण असतं. खाचेच्या एका टोकाला इवलासा फवारा, मग स्लायडर वीस-पंचवीस वेळा पूर्ण वर-खाली. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं तर कार्बनच्या पट्टीवरचं वंगण धुऊन जातं आणि आठवड्याभरात खरखर दुपटीने परत येते. गंजाचे नटबोल्ट सोडवायचा स्प्रे इथे अजिबात नको. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत योग्य क्लीनर विचारून मिळतो. विचारताना "फेडरसाठी, वंगणवाला" असं स्पष्ट सांगा. वास जाईपर्यंत मांजर खोलीबाहेर, कारण अंगावर पडलेलं ते चाटून पोटात घेणार.

पट्टी नीट वाजत नसेल तर कारण बहुधा खालच्या रबरात असतं. वेग ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, आणि पहिला व दुसरा टेकण्यामधला वेळ मोजून मशिन ठरवतं की तुम्ही किती जोरात वाजवलं. दुसऱ्या संपर्काखाली एक केस आडवा पडला की तो उशिरा टेकतो, आणि जोरात दाबलेला स्वर मिणमिणता निघतो किंवा निघतच नाही. लोकांना वाटतं मशिन म्हातारं झालं. रबरी पट्टी काढून काळे ठिपके आणि खालचा बोर्ड अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी परत बसवा. इथे वंगण नसतं, म्हणून अल्कोहोल चालतं.

नसबंदी न केलेला बोका घरात असेल तर आणखी एक गोष्ट. तो उभ्या पृष्ठभागावर मूत्र फवारतो, आणि स्पीकरची जाळी त्याच्या बरोबर उंचीची असते. पाच-सहा महिन्यांचा झाला की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. बोक्याच्या तब्येतीलाही ते चांगलं. तरीही सिंथमध्ये मूत्र गेलंच, तर बटण दाबून बघण्याचा मोह आवरा. वायर काढा, बॅटरी असेल तर काढा, मशिन उघडा. भिजलेला बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने आणि मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. उशीर केला तर तांब्याचे मार्ग हिरवे पडून खाल्ले जातात. हात सराईत नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण त्याच दिवशी द्या.

जिवाला धोका असलेल्या गोष्टी

पॅच केबलमध्ये फार थोडा व्होल्टेज असतो. चावली तर केबल जाते, मांजर नाही. भीती भिंतीतून येणाऱ्या वायरची आहे. दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण तीन ते सहा महिन्यांत, पिल्लू काहीही चावतं. सगळ्या पॉवर वायरी एकत्र करून नळीदार प्लास्टिकच्या पाइपमधून न्या आणि टेबलाच्या खालून बांधा. घराच्या पॅनेलमध्ये 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मांजराने वायर चावली तर आधी मेन स्विच बंद, मग मांजराला हात. ते हिंडताना बरं दिसलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्या. अशा झटक्यानंतर काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं.

दोरे, रबरबँड, केबल टायची कापलेली शेपटं, सोल्डरच्या तारेचे तुकडे जमिनीवर ठेवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं. जुन्या सिंथमधली मेमरीची सीआर2032 बॅटरी बदलली की जुनी लगेच डब्यात बंद करा. गिळली तर ती अन्ननलिका भाजते.

पावसाळ्यात मशिनच्या कपाटात डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मांजर असलेल्या घरात ती पूर्ण बंद करा, नॅफ्थलीन त्यांना विषारी आहे. ओलाव्यासाठी सिलिका जेल वापरा, पण निळ्या दाण्यांचं नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असू शकतं. परमेथ्रिन असलेले कीटकनाशक फवारेही मांजराला घातक. आणि सोल्डरिंग करताना मांजर बाहेर आणि दार बंद, नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसून हात धुवा.

त्यांचे कान

आपलं ऐकणं 20 हजार हर्ट्झला संपतं, मांजराचं 60 हजारांच्याही पुढे जातं. आता अ‍ॅनालॉग फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वाढवून कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून आवाज कापतो ती सीमा, वर नेला की फिल्टर स्वतःच वाजू लागतो, आणि तो स्वर सहज आपल्या ऐकण्याच्या वर निघून जातो. तुम्हाला वाटतं शांतता आहे, आणि तुमचा ट्वीटर जमेल तितकी शिट्टी वाजवत असतो. मांजराचे कान मागे पडले, पाठीची कातडी थरथरली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की आधी फिल्टरकडे बघा. मॉनिटरच्या वाटेवर 18 हजारांचा लो-पास, म्हणजे त्यावरचे स्वर कापणारा फिल्टर, लावलात तर तुमचं काही हरवत नाही. आवाजही बेताचा ठेवा, आणि मांजराला बाहेर जायला दार कायम थोडं उघडं असू द्या.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे चार्ल्स स्नोडन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांनी माणसांच्या संगीतापेक्षा त्यांच्यासाठी रचलेल्या संगीताकडे जास्त ओढ दाखवली. ते संगीत दूध पिण्याच्या आणि घुरघुरण्याच्या लयीवर बांधलेलं होतं. हे वाचल्यावर मी बंड्याची घुरघुर रेकॉर्ड करायला लागले, आणि सिंथवाल्या प्रत्येकाने हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

मांजर फळीवर पेंगलेलं असताना पंखा बंद करा, शेजारच्या खोलीतला फ्रिजही थोडा वेळ बंद. छोटा कंडेन्सर माइक किंवा हातातला रेकॉर्डर छातीपासून चार-सहा इंचांवर, नाकाच्या श्वासाच्या रेषेतून बाजूला. रेकॉर्डिंग 24 बिटवर, आणि पुढे आवाज ताणून मंद करायचा असेल तर 96 किलोहर्ट्झ. घुरघुरीचा मूळ स्वर 25 ते 30 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून सवयीने 80 हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर, लावू नका, सगळं अंगच निघून जाईल. लहान स्पीकरवर ते ऐकूही येत नाही, हेडफोन घाला. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, एका सेकंदातली शिखरं मोजा. 26 भरली तर दोन सप्तकं वर चढवल्यावर 104 हर्ट्झ, म्हणजे काळी चारच्या षड्जाला जवळजवळ लागून. त्याच पट्टीत तुमचा ड्रोन, म्हणजे तानपुऱ्यासारखा सलग स्वर, लावा.

मग तो आवाज मॉड्युलरमध्ये घ्या. एक वाट एन्व्हलप फॉलोअरमधून (आवाजाच्या चढ-उताराचा व्होल्टेज करणारं मॉड्युल) फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे मांजराच्या श्वासाबरोबर ड्रोन उघडेल आणि मिटेल. दुसरी वाट सरळ व्हीसीएला (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्युल), म्हणजे ड्रोनच्या अंगात तीच 26ची थरथर येईल. घुरघुर श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा चालू असते आणि दोन्हींचा पोत निराळा असतो, म्हणून लूप कापताना श्वास आत जाण्याच्या सुरुवातीला कापा आणि तिथेच जोडा, सांधा ऐकू येत नाही. तीन-चार मिनिटांचा तुकडा भरपूर झाला. मांजर उठलं की रेकॉर्डिंग थांबवा, त्याला परत आडवं करायला जाऊ नका.